योगेशच्या नंबरवर गेलेला कोड

ग्रुपवरच्या शहाण्यांनो, आधी नीट वाचा, मग अक्कल पाजळा.

माझा मुलगा योगेश गेल्या वर्षी गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरली, त्याला पितरांत बसवलं. पण त्याचा कॉम्प्युटर काही ऐकेना. सून त्यावर गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते, घर त्यावरच चालतं. तो बिघडला. मेकॅनिकने विंडोज पुन्हा पुन्हा टाकलं. सगळं पुसलं तरी दरवेळी योगेशचंच नाव वर यायचं, आणि त्याच्या खात्यातून ॲक्टिव्हेट करायला त्याच्याच मोबाईलवर कोड जायचा. तो नंबर तर कधीच बंद झाला होता.

आज सकाळी पुन्हा कोड गेला, तेव्हा मी म्हटलं, तो नंबर लावून तर बघू.

रिंग गेली. सुनेने माझा हात घट्ट धरला.

"कोन?" शहाद्याचा कोणी माणूस निघाला. तो नंबर आता त्याला मिळालाय.

"भाऊ, कॉम्प्युटर चालू करना शे, तुना मोबाईलवर कोड उना शे, सांग."

"कोड कोनले सांगू नई म्हनतस, मावशी."

"हाऊ नंबर मन्हा पोऱ्याना व्हता. तो आते नई शे."

त्याने मेसेज उघडला. मग म्हणाला, "लिखी ले, माय."

कॉम्प्युटर सुरू झाला. सून कामाला बसली.

दुपारी माझा मोबाईल वाजला. वर योगेशचं नाव, योगेशचा फोटो. सून उठून आत गेली. मी उचलला.

"माय, चालू व्हयनं का?"

हो म्हटलं आणि ठेवला.

मी भुताखेताला मानत नाही. पण तुम्हीच सांगा, त्या नंबरवर आता नाव कोणाचं ठेवू?