गडग्यातल्या पाली

बाबांची दारू सुटली ती डॉक्टरांच्या धाकानं. "आता एक घोट जरी घेतलात, तर मला बोलवायला येऊ नका," असं ते तोंडावर म्हणाले होते. आई आधीच गेलेली. पोशीरच्या घरात आम्ही दोघंच, आणि पहाऱ्याला मी.

कुंभिवलीच्या कंपनीतून बाबा रिटायर झाले आणि दुपारभर घरामागच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी बसू लागले. आत यायचे ते खुशीत, बोटांना शेवाळ लागलेलं. काय करत होतात, असं विचारलं की म्हणायचे, "पाली बघत व्हतो." भरदुपारी पाली! पाल रात्री ट्यूबलाइटमागून निघते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणसानं थाप मारावी, पण जरा बरी तरी मारावी. गडग्यात क्वार्टर दडवलेली असणार, याबद्दल माझ्या मनात संशय उरला नव्हता.

एका रविवारी ते नेरळला केस कापायला गेले आणि मी गडगा तपासायला घेतला. फटीफटीत हात घातला, खालचे दगडही उपसले. बाटली नाही. एका कपारीत वरच्या दगडाला आतून अंडी चिकटली होती, भिजल्या साबुदाण्यासारखी, जोडीजोडीनं. शेजारी बोटभर लांबीची, मातकट पाल डोकं खाली करून बसलेली, लख्ख उजेडात. तरी माझी शंका फिटेना. पाली आहेत म्हणून बाटली नसेल, असं थोडंच आहे?

"काय करतेस गं?" मागे बाबा उभे.

"पाली बघतेय."

बाबा एकदम खुलले. "दिसली ना? ही दिवसाची पाल. घरातलीच्या डोळ्यात उभी चीर असते, हिची बाहुली बघ, गोल हाय. बोटांना गाद्या नाय, नुसत्या नख्या. पापणी नाय, म्हणून जिभेनं डोळं पुसते. आणि तो पल्याडच्या फटीत, पिवळ्या गळ्याचा, तो नर. आणि या एकाच कपारीत चारपाच जणी अंडी घालतात गं."

बोलता बोलता त्यांची नजर उपसलेल्या दगडांवर गेली. एकेक दगड उचलून त्यांनी जागेवर बसवला, अंड्यांना धक्का न लावता. मग हात झटकले, माझ्यासमोर येऊन वाकले आणि तोंड उघडून माझ्या नाकावर श्वास सोडला.

"घे. बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वास घेतला. एकदा घेतला, आणि खात्री होईना म्हणून पुन्हा घेतला.