धुतलेले हात

जाम गावच्या चौकात त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि काम झालं की नखांपर्यंत साबण लावून हात धुवायचा. मग हसत माझ्याशी हात मिळवायचा. गर्दी मात्र शेजारच्या कळकट मेकॅनिककडे.

परवा गेलो तेव्हा दुकानात एकही गाडी नव्हती आणि हा डब्यातलं काळं ऑइल हातांना चोळत होता.

"हे काऊन?"

"हात साफ दिसले का गिऱ्हाईक म्हणते, याले काम येत नाई."

निघताना सवयीनं मी हात पुढे केला. त्याचाही आला, पण अर्ध्यातच थांबला. मग मूठ मिटून त्यानं मनगट पुढे केलं. तेवढंच स्वच्छ उरलं होतं.