उरलेलं पान

वत्सलाअक्का गेल्याचा फोन आमच्या संघटनेच्या खोलीवर आला, तेव्हा मी त्यांच्याशी बोलणं टाकून चार महिने झाले होते. हे आधीच सांगून टाकतो, नंतर धीर व्हायचा नाही.

बसवनगुडीतल्या अक्का म्हणजे एका संशोधन संस्थेतल्या निवृत्त ग्रंथपाल. आमच्या ओळखीत घरी इंटरनेट पहिल्यांदा त्यांनी घेतलं. फोनच्याच लाइनवर चालणारा तो मोडेम किरकिरू लागला की नव्या पुस्तकांचं खोकं फोडावं तसा त्यांचा चेहरा फुलायचा. अमेरिकेची राज्यघटना, तिथल्या काळ्या माणसांचे लढे, कोर्टाचे निकाल, सगळं मी त्या खोलीत वाचलं. पान ओळीओळीने उतरायचं... मी चुळबुळायचो. "स्वल्प थांब रे, पत्रक नाहीये ते," अक्का म्हणायच्या.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाडलोट करणाऱ्या बायकांना पिण्याच्या नळाला हात लावू देत नव्हते. त्यावर आमचं पत्रक निघायचं होतं. अक्कांनी अमेरिकेतला एक जुना निकाल शोधला, 'वेगळं पण समान' असा. अर्धं पान उतरलं आणि लाइन तुटली. मला त्यात 'समान' एवढंच दिसलं. तेवढा कागद घेऊन मी निघालो. छापायला देण्याआधी विचारावं म्हणून दुपारभर फोन केले, प्रत्येक वेळी एंगेज. दिलं छापायला. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालयसुद्धा समान सोयी द्या म्हणतं, असं ठळक अक्षरांत.

आठवड्यात मालकाने मागच्या भिंतीला बायकांसाठी वेगळा, नवाकोरा नळ बसवला. वर आमचंच पत्रक डकवलं.

मी चार कार्यकर्त्यांदेखत अक्कांवर ओरडलो, "दिवसभर फोन अडवून काय करत होतात?"

"उरलेलं पान आणत होते," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. त्या जुन्या निकालाने काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवायला मुभा दिली होती; जवळपास साठ वर्षांनी त्याच न्यायालयाने, शाळांच्या खटल्यात, वेगळं ते समान असूच शकत नाही असं म्हटलं होतं. मी कागद घेतला नाही. चूक माझी होती, आणि तोंड घेऊन जायची लाज वाटत राहिली... चार महिने.

गेल्या आठवड्यात त्या कारखान्याच्या फाटकाशी गेलो. अक्का गेल्या, असं झाडलोट करणाऱ्या लक्ष्मम्माला सांगितलं, तर ती झाडू बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल सांगू लागली. तेव्हा कळलं. माझ्या भांडणानंतर दोनच दिवसांनी अक्का एकट्या, दोन बस बदलून तिथे आल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत बायकांमध्ये बसून तो कागद त्यांनी कन्नडमध्ये शेवटपर्यंत वाचून दाखवला. पत्रक कोणी चुकीचं काढलं, ते मात्र सांगितलं नाही.

मागचा नळ अजून आहे. बायका पुढच्याच नळावर जातात. सुपरवायझर ओरडत येतो, भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट दाखवतो. ओंजळ न सोडता लक्ष्मम्मा त्याला अक्कांनी शिकवलेलं तेवढंच सांगते, "पूर्ती ओदी, सार." पूर्ण वाचा, साहेब.