भरलेल्या गुलखैऱ्याचं बी

बायकोनं लग्नानंतर माहेराहून, बाजारहत्नूरहून, गुलखैऱ्याचं बी आणलं होतं. तिच्या आईच्या अंगणातला गुलखैरा भरलेल्या फुलांचा. पाकळ्यांत पाकळ्या, मधला तुरासुद्धा दिसू नये अशा. त्या अंगणावर आता सिमेंट आहे. म्हणजे ते बी उरलं होतं फक्त आमच्याकडे.

बायको वारली आणि वाफा मी हातात घेतला. आमची काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात, म्हणून मुरूम आणि वाळू घालून वाफा वीतभर उचलला. दोन रोपांत दीड हात अंतर ठेवलं, मोजून. तांबेरा पडलेली खालची पानं खुडून जाळली, उंच दांड्यांना तुराट्यांचा आधार दिला. फुलं आली, भरलेली आणि साधी मिसळून. नेहमी तशीच येत.

माझी आई रोज सकाळी परडी घेऊन निघते. देवाला सगळ्यांत चांगलं फूल, हा आमच्या घरचा रिवाज. भरलेली फुलं परडीत गेली, साधी दांड्यांवर राहिली. त्यांनाच बी धरलं, आणि तेच वाळवून मी पुढच्या हंगामाला पेरलं. पुढच्याही हंगामाला तसंच.

बायको असताना यावरून दोघींची कुरकुर चाले. ती भरलेल्या झाडांपुढे उभी राहून आईला साध्या फुलांकडे वळवायची. आई म्हणायची, "देवापेक्षा तुयं बियाणं मोठं का वं?" मी पेपरामागे हसायचो. मला ते सासू-सुनेचं वाटायचं.

यंदा वाफा फुलला तेव्हा मी एकेक झाड पाहत गेलो. सगळी साधी. दुसऱ्या टोकापासून पुन्हा पाहिलं. जुनं बी घरात कुठंच नव्हतं. मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, नर्सरीत मिळते की भाऊजी. मिळत असेल.

आईला मोतीबिंदू आहे. तिनं एक फूल बोटांनी चाचपलं.

"भरलेली काऊन नाई आली रे औंदा?"

ऊन लवकर तापलं, असं मी सांगितलं.

"तिच्या हातचं होतं ते," आई म्हणाली. "तिच्यासंगं गेलं."

तिच्यासंगं गेलं नव्हतं. ती गेल्यावरही ते आमच्या वाफ्यात होतं. पण पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईला हे सांगून काय उगवणार होतं? मी झारी भरायला वळलो. आई पुढच्या झाडाकडे सरकली, त्यातल्या त्यात मोठं फूल शोधत.