मधला माणूस

भवानी पेठेतल्या या मोबाईलवाल्याकडे मी रोज चहाला बसतो. आखातात गेलेल्यांशी घरच्यांचं बोलणं तो करून देतो. तिकडे इंटरनेटवरून फोन लागत नाहीत, म्हणून त्याचे कॉल जर्मनीतल्या प्रॉक्सी सर्व्हरवरून फिरून जातात. "प्रॉक्सी म्हंजे मधला माणूस की," तो प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतो. "सरळ जमत नसंल तर मधला लागतोच."

हे बोलताना तो हमखास माझ्याकडे बघतो. कारण त्याच काउंटरवर बसणाऱ्या धाकट्या भावाशी त्याचा अबोला.

"ह्याला सांगा, चा गार व्हायलाय."

"त्याला सांगा, पितो."

दोघांत अंतर दोन हातांचं, आणि निरोप्या मी!

धाकटा मस्कतला गेला तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचा. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला, जर्मनीला वळसा घालून. मोबाईलवाल्यानं पडद्याकडे टक लावून पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ह्याला विचारा, जेवला का."

धाकट्यानं ते स्वच्छ ऐकलं. तरी मी विचारेपर्यंत तो गप्प थांबला.

"त्याला सांगा, जेवलो."

मी मान वळवली. मोबाईलवाल्याचे डोळे डबडबलेले.

"काय म्हनला?" त्यानं मला विचारलं.