रक्त कमी

दर मंगळवारी एक संशोधक बसने गडचिरोलीला यायचा आणि आमच्या दवाखान्यातले केमोचे जुने कागद चाळायचा. कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच प्रश्न, "काऊन?" डोस लांबला, काऊन? कमी केला, काऊन?

मला संशय, हा आमच्या चुका शोधतोय. तसं विचारलं, तर म्हणाला,

"डोस कमी केला म्हणून बाई खंगली, का खंगली म्हणून कमी केला, हे पाहून राह्यलो, सिस्टर."

एकदा त्याने माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "डोस लांबला, कारण रक्त कमी. पण त्या दिवशी रक्त तपासलंच नाई तुमी."

"धानाच्या रोवणीले गेली होती ते बाई, डोसले आलीच नाई," मी पुटपुटले. "सगळ्याइचं असंच लिहितो आमी."

त्याने शेजारी पेन्सिलीने 'रोवणी' लिहिलं. माझं 'रक्त कमी' मात्र खोडलं नाही. ते तसंच आहे, माझ्या सहीसकट.