दोन तुकड्यांची वाटी

गडहिंग्लजच्या शाळेत निर्मलासारखी खो-खो खेळणारी दुसरी मुलगी नव्हती. पाठीत खो बसला की ही अशी सुटायची की समोर पळणारीला घाम फुटायचा. खेळाचे मास्तर पिराजी सर तिच्या वडिलांना सांगायचे, "रेवणसिद्धअण्णा, पोरगी राज्याच्या संघात जाणार की! खेळाच्या कोट्यातनं पोलिसात लागंल." निर्मलानंही मनात तेच धरलं होतं.

सत्त्याण्णव साली, अकरावीत असताना, तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. उकिडवं बसलं की गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कोपऱ्यात, बाहेरच्या अंगाला कळ यायची. घरी कळलं तर खेळ बंद होणार, म्हणून ती पट्टी आवळून खेळत राहिली. एका सामन्यात खो मिळाला आणि तिला जागचं उठताच आलं नाही, तेव्हा सगळं उघडं पडलं.

वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, कापडाचं दुकान बंद ठेवलं आणि तिला एसटीनं कोल्हापूरला नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"वाटी जन्मापासूनच दोन तुकड्यांची आहे. लहानपणी हे तुकडे जुळतात, हिचे जुळले नाहीत. पुष्कळांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. हिचं खेळामुळं दुखायला लागलंय."

सहा महिने विश्रांती झाली, व्यायाम झाले, गोळ्या झाल्या. कळ काही जाईना. मग डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. तुकडा लहान असता तर काढूनच टाकला असता, म्हणाले. पण हिचा मोठा, तो काढला तर उरलेली वाटी नीट सरकणार नाही. तुकड्याला ओढणारा मांडीचा स्नायू सैल करता येतो, त्यानं दुखणं कमी होईल, पण वाटी दोन तुकड्यांचीच राहील. नाहीतर स्क्रू घालून दोन्ही तुकडे जोडायचे.

"पण मग सहा महिने पळायचं नाही. आणि जुळेलच असं मी लिहून देत नाही."

"आमाला काय कळतंय त्यातलं, डॉक्टर," अप्पा म्हणाले आणि लेकीकडं बघत राहिले.

"स्क्रू घाला," निर्मला म्हणाली. तिला अख्खी वाटी हवी होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या महिन्यात राज्य संघाची निवड चाचणी लागली. पिराजी सरांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. तरी मैत्रिणीकडं जाते म्हणून ती घरातनं निघाली आणि कोल्हापूरच्या मैदानावर उतरली. पहिला डाव ती जुन्यासारखी पळाली. दुसऱ्या डावात वळताना गुडघ्यात कटकन आवाज झाला.

स्क्रू वाकला होता. तुकडे जुळलेले नव्हते. पुढच्या वर्षी दुसरं ऑपरेशन करून स्क्रू काढला, आणि हाड जोडण्याजोगं उरलं नव्हतं म्हणून तुकडाही काढावा लागला. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. उरलेली वाटी घासायला लागली. जिना चढताना निर्मला कठडा धरू लागली. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या रोजच्या पूजेला मांडी घालता येईना, म्हणून खुर्चीत बसून पूजा करू लागली. बघायला आलेल्या पाव्हण्यांनी चटईवर बसायला सांगितलं, तर ती उभीच राहिली. "पाय अधू हाय व्हय?" त्यांनी विचारलं आणि चहा अर्धवट टाकून गेले.

अप्पांनी तिला एका शब्दानं दोष दिला नाही. त्याचंच तिला जास्त लागायचं.

दोन हजार पाच साली दुसऱ्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीतनं गुडघा तपासला. आतली कुर्चा, हाडावरची मऊ गादी, झिजली होती. साफ करून थोडा आराम पडेल, म्हणाले, उकिडवं बसणं मात्र विसरा.

"त्या दिवशी मी पळाले नसते, तर जुळलं असतं का?" निर्मलानं विचारलं. सात वर्षं हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता.

"जुळलं असतं. किंवा नसतंही. आता ते कुणीच सांगू शकणार नाही, बाई."

घरी तिची आई, अव्वा, दारातच उभी होती. "काय म्हणाला गं डॉक्टर?"

"काय न्हाय," निर्मला म्हणाली आणि भिंतीला धरून एकेक पायरी चढत आत गेली.